इंद्रायणी, पवना आणि चार ओळी: नदीवरची छोटी कविता कशी लिहितात?

ज्येष्ठ महिना आला की देहू, आळंदी, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोबाईलवर दोन प्रकारचे फोटो एकाच वेळी फिरू लागतात. एकात पालखी, टाळ, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायका आणि खाली इंद्रायणीला ‘निर्मळ माय’ म्हणणारी एखादी चारोळी. दुसऱ्यात तीच इंद्रायणी, तोच आळंदीचा घाट आणि बंधाऱ्याखाली पसरलेला पांढरा फेस. कित्येकदा एकच माणूस सकाळी पहिली पोस्ट टाकतो आणि संध्याकाळी दुसरी.

फेसाचा फोटो खोटा नसतो. चारोळी लिहिणाऱ्याची श्रद्धाही खोटी नसते. अडचण एवढीच, की चारोळीतली नदी आणि समोरची नदी यांची एकमेकींशी ओळख नसते. नदीवर छोटी कविता लिहू पाहणाऱ्यांसाठी या पट्ट्यातला खरा प्रश्न हाच आहे. यमक, मात्रा, ओळींची संख्या हे नंतर येतं, आणि ते शिकता येतं.

छोटी कविता या काठाला नवी नाही

चार ओळींची कविता म्हणजे स्टेटसच्या काळातलं फॅड, असं अनेकांना वाटतं. इंद्रायणीच्या काठावर तरी ते लागू पडत नाही. इथे छोट्या रचनेचा इतिहास निदान सातशे वर्षांचा आहे.

आळंदीला १२९६ मध्ये समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’त जी ओवी वापरली, ती मुळात साडेतीन चरणांची मानली जाते. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. ज्ञानेश्वरीत अशा नऊ हजारांहून अधिक ओव्या आहेत. ग्रंथ मोठा असला तरी त्याचा घटक इतका लहान आहे की एकेक ओवी सुटी करून पाठ म्हणता येते.

सतराव्या शतकात देहूच्या तुकारामांच्या हाती अभंग आला. अभंगाचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगितले जातात. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि शेवटी यमक. लघु-गुरूचं बंधन नाही. अक्षर मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. एवढंच गणित असल्यामुळे अभंग शेतात, दुकानात, चालताना रचता येई आणि ऐकणाऱ्याच्या लक्षातही राही.

गाथा इंद्रायणीत बुडवल्याची आणि तेरा दिवसांनी ती कोरडी वर आल्याची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. कागद बुडाले तरी अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून ते तरले, असाही तिचा अर्थ लावला जातो. तो मान्य केला तर छोट्या रचनेचं सर्वांत मोठं बळ इथेच दिसतं: ती पाठ होते, म्हणून पाण्यात बुडत नाही.

तिसरा प्रवाह बायकांचा आहे आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. पवना आणि इंद्रायणीचं वरचं खोरं म्हणजे मावळ. मावळ, शेजारचा मुळशी तालुका आणि पुढे राज्यातल्या इतर गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहे. यातली बरीचशी रचना दोनच ओळींची. दळताना हात थांबत नाही, म्हणून ओळ जात्याच्या फेऱ्यात बसली पाहिजे. त्या बायका ‘निसर्ग’ हा शब्द वापरत नाहीत. त्या माहेरच्या वाटेवरचं झाड, पंढरीच्या वाटेवरची नदी, भावाचं शेत यांची नावं घेतात. नदीवर लिहिण्याचे धडे कुणाला घ्यायचे असतील, तर ‘सुंदर कविता’ नावाच्या कुठल्याही पेजपेक्षा हा संग्रह जास्त उपयोगाचा आहे.

चारोळी, हायकू, वात्रटिका: फरक काय?

चारोळी हा शब्द गमतीचा आहे. खिरीत आणि श्रीखंडात टाकतात त्या बियांनाही चारोळीच म्हणतात. लहान आणि चवीपुरती. चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’ या पुस्तकाने १९९०च्या दशकात चारोळी घराघरात नेली. कॉलेजच्या वह्या, भेटकार्डं, रिक्षांच्या मागच्या पाट्या आणि आता स्टेटस असा तिचा प्रवास झाला. चारोळीला अक्षरांचा नियम नाही. दुसरी आणि चौथी ओळ बहुधा यमकात असते आणि चौथ्या ओळीवर कवितेचा भार असतो. तीच तिची ताकद आहे आणि खोडही तीच. चौथ्या ओळीत टाळी घ्यायच्या नादात पहिल्या तीन ओळी नुसत्या भरतीच्या होतात.

हायकू जपानचा. बाशो (१६४४–१६९४) हा त्याचा सर्वांत ख्यातनाम कवी. जपानीत पाच-सात-पाच अशा सतरा ध्वनिघटकांची ही रचना. मराठीत ती रुजवली शिरीष पै यांनी. आचार्य अत्रे यांच्या त्या कन्या. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं. मराठी हायकूत सतरा अक्षरं मोजण्याचा आग्रह सहसा नसतो. तीन ओळी आणि त्यातल्या दोन ओळींत यमक, ही चाल रूढ आहे. हायकूत मत मांडायचं नसतं. एक क्षण दाखवायचा, शेजारी दुसरी गोष्ट ठेवायची आणि बाजूला व्हायचं.

जपानी हायकूत ऋतू सुचवणारा शब्द हवाच, अशी परंपरा आहे. मराठी लिहिणारे तिथे चटकन ‘मोगरा’ किंवा ‘मृद्गंध’ टाकतात. पण चिंचवड-चाकणचे ऋतू दाखवणारे शब्द वेगळेच आहेत. वैशाखात पवनेवर जलपर्णी येते. ज्येष्ठात पालखी निघते. श्रावणात ‘विसर्ग’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो: धरणातून पाणी सोडलं की चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिरात नदी शिरते. भाद्रपदात विसर्जनाचे हौद. कार्तिकात पुन्हा आळंदीची यात्रा. यातला कुठलाही एक शब्द तीन ओळींत आला की वाचणाऱ्याला महिना सांगावा लागत नाही.

वात्रटिका म्हणजे चिमटा. रामदास फुटाणे यांच्यासारख्यांनी ती व्यासपीठावरून आणि वर्तमानपत्रांतून लोकप्रिय केली. नदीच्या बाबतीत वात्रटिका फार मोहात पाडते, कारण फलकांवर ‘स्वच्छ नदी’ आणि खाली नाला हे दृश्य जागोजागी हाती येतं. पण ती बातमीसारखी लवकर शिळी होते, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

आधी नदी माहीत हवी

नदीवरच्या चारोळ्यांचा एक ठरलेला साचा आहे. उदाहरणासाठी तो असा रचून दाखवता येईल:

नदी म्हणजे माय असते,
झुळझुळ गाणे गात असते,
डोंगरामधून येता येता
सागराला भेटत असते.

व्याकरण ठीक, यमक ठीक, भावना चांगली. पण ही कुठल्या नदीची चारोळी? गोदावरीची, नाईलची, कुणाचीही. आणि इंद्रायणीची म्हणावी तर चौथी ओळ चूकच आहे.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. तिथून पश्चिमेला कोकण उतरलं की अरबी समुद्र काही दूर नाही. नदी मात्र पाठ फिरवून पूर्वेला निघते. कामशेत, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पुढे कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. समुद्र एवढा जवळ असताना हे पाणी अख्खा देश आडवा ओलांडून जातं.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तुळापूरहून पुढे गेलेली भीमा उजनीच्या जलाशयातून पंढरपूरला पोहोचते आणि तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. म्हणजे देहू-आळंदीची पालखी जिथे जाते, तिथेच देहू-आळंदीचं पाणीही जातं. हे नकाशात पाहिल्यावर चारोळी वेगळी सुचू शकते:

पालखी निघते रस्त्याने,
नदी निघते शेतांतून;
दोघी भेटतात पंढरीला,
एक दमून, एक मळून.

इथे ‘माय’ नाही, ‘निर्मळ’ नाही, ‘झुळझुळ’ही नाही. यमक थोडं सैल आहे. पण ही चारोळी दुसऱ्या नदीला चिकटवता येत नाही.

पवनेची गोष्ट आणखी निराळी. तीही मावळातल्या डोंगरांतून येते, पवना धरणात अडते, रावेतच्या बंधाऱ्यावर शहराच्या नळांसाठी उचलली जाते आणि उरलेली थेरगाव, चिंचवड, पिंपरी ओलांडून दापोडीजवळ मुळेला मिळते. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत तिचा सुमारे चोवीस किलोमीटरचा प्रवास आहे. इंद्रायणी शहराच्या उत्तरेच्या कडेने जाते, मुळा दक्षिणेच्या, आणि पवना बरोबर मधून. रावेतच्या वर ती पिण्याचं पाणी असते. खाली येता येता तिच्यात नाले मिसळत जातात. चोवीस किलोमीटरच्या आत एका नदीचे दोन जन्म होतात, असं म्हणायला हरकत नाही.

आणि या पाण्यावर रक्तही सांडलं आहे. पवना धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन सुरू असताना पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. चिंचवडमध्ये नळ सोडून नदीवर कविता लिहिणाऱ्याने हे माहीत करून घ्यायला हवं. कवितेत ते यायलाच पाहिजे असं नाही. पण ते माहीत असलेला माणूस ‘सर्वांची माय’ असं सहज लिहून मोकळा होत नाही.

फेस आणि जांभळी फुलं

आळंदीचा फेस दुरून बर्फासारखा किंवा ढगासारखा दिसतो, आणि तशा उपमाही पोस्टमध्ये सर्रास दिसतात. तो बनतो कसा हे समजलं तर उपमा बदलते. साबण, धुण्याची पावडर, कारखान्यांतली काही रसायनं यांत पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे घटक असतात. सांडपाण्यावर पुरेशी प्रक्रिया न होता ते नदीत आले आणि बंधाऱ्यावरून पाणी आदळलं, की हवेचे बुडबुडे त्यात धरले जातात आणि फुटत नाहीत. बादलीत कपडे भिजवताना जे होतं तेच, फक्त नदीएवढ्या मापाचं. म्हणजे हा फेस निव्वळ ‘कारखान्यांचं पाप’ नसतो. त्यात कवितेच्या लेखकाच्या घरचं धुणंही असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले होते. त्यात सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातले होते आणि इंद्रायणी, पवना, मुळा या तिन्ही नद्या त्या यादीत होत्या.

फेसावर रागाने लिहिलेल्या कविता भरपूर आहेत. राग खरा असतो, पण कवितेत तो बहुधा घोषणेसारखा ऐकू येतो. हायकूची शिस्त इथे उपयोगी पडते, कारण तिथे रागवायला जागाच नसते:

पहाटेचा घाट
फेस सारून आजी
पाहते पाण्याची वाट

दृश्य साधं आहे: वारीला आलेली म्हातारी स्नानासाठी फेस हाताने बाजूला करते. दोष कुणाचा, यावर एक अक्षर नाही. ‘वाट पाहणे’ हा रोजचा वाक्प्रचार आहे आणि तोच सगळं सांगतो.

जलपर्णी हा त्याहून अवघड विषय आहे, कारण ती खरंच देखणी दिसते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती. सांडपाण्यातून नदीत नायट्रोजन आणि फॉस्फरस आला की ती झपाट्याने वाढते. उन्हाळ्यात पवनेचं पात्र हिरवं होतं आणि त्यावर फिक्या जांभळ्या फुलांचे तुरे येतात. पुलावरून फोटो काढणाऱ्याला ते शेत वाटतं. खाली पाण्याला प्राणवायू मिळत नाही आणि मासे गुदमरतात.

यावरचा पहिला कच्चा मजकूर बहुधा असा असतो: ‘आज पवनेकाठी उभं राहून फार वाईट वाटलं, फुलं किती सुंदर होती पण नदीच दिसत नव्हती.’ हे खरं आहे, पण अजून कविता झालेली नाही. त्यातलं ‘वाईट वाटलं’ काढलं, ‘सुंदर’ काढलं आणि लहान अभंगाच्या आठ-आठ अक्षरांत जे राहिलं ते बसवलं, तर:

जांभळ्या फुलांचा मळा
खाली नदीचाच गळा

‘गळा’ हा शब्द केवळ यमकाच्या शोधात सापडतो आणि मग अर्थही तोच पुढे नेतो. अक्षरं मोजण्याचा हा खरा फायदा. मोजायला लागलं की जास्तीचे शब्द आपोआप बाहेर पडतात, आणि न सुचलेला एखादा शब्द दारात उभा राहतो.

मोठ्या अभंगाचा साचा कामगाराच्या दिनक्रमालाही बसतो. सहा, सहा, सहा, चार:

रात्रपाळी माझी
सुटते सकाळी
पवना सावळी
वाहे खाली

यात एकच विशेषण आहे, ‘सावळी’. पहाटेचा अंधार, मळलेलं पाणी आणि विठ्ठलाचा रंग अशा तिन्ही गोष्टी त्यात मावतात. दुसरं विशेषण घातलं असतं तर पहिल्याचा जीव गेला असता.

कारखाना कवितेत चालतो का?

‘निसर्गकविता’ म्हटलं की बालकवी आठवतात, ना. धों. महानोर आठवतात. महानोरांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ चा. त्यातलं रान त्यांच्या अंगणातलं होतं, अजिंठ्याच्या परिसरातलं. ते शब्द तसेच उचलून भोसरीत आणले की उसने वाटतात, यात नवल नाही. बा. सी. मर्ढेकरांनी यंत्र आणि शहर मराठी कवितेत आणलं आणि नारायण सुर्व्यांनी कामगार. त्यामुळे गिअर, गॅन्ट्री, कन्व्हेअर, कूलंट हे शब्द कवितेत चालतील का, हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे.

हा पट्टा तर यंत्रानेच घडवला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले. चाकण औद्योगिक क्षेत्राला लागूनच भामचंद्र डोंगर आहे, जिथे तुकाराम एकांतासाठी जात असल्याचं सांगितलं जातं. झाडावेलींशी नातं जोडणारा तुकोबांचा प्रसिद्ध अभंग शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो. डोंगरावर उभं राहिलं की एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडचे निळे-पांढरे चौकोन. तिथे फक्त झाडीवर लिहिणं म्हणजे अर्धं दृश्य झाकून फोटो काढणं.

शब्द कुठून आणायचे, तर अनेक आपल्या तोंडात आधीच आहेत. नदीच्या काठाला, काठाच्या मुलखाला ‘थडी’ म्हणतात. भीमथडीची तट्टं इतिहासात गाजली, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये महिला बचत गटांची ‘पवनाथडी जत्रा’ भरते. जत्रेला हजारो लोक जातात, पण ‘थडी’ हा सुंदर, टणक शब्द चारोळ्यांत मात्र दिसत नाही. तसेच डोह, उतार, पाणवठा, ओहोळ, भोवरा. इंद्रायणीवर कुंडमळ्याला पाण्याने खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. याच कुंडमळ्याला १५ जून २०२५ रोजी जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. नदीची सौम्य रूपंच पाहिलेल्यांनी ते ठिकाण विसरू नये.

इंजिनिअरांची भाषाही हाताशी आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती ‘निळी रेषा’, शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोहोचतो ती ‘लाल रेषा’. पूररेषेतल्या बांधकामांवरून शहरात भांडणं चालू असतात. हे दोन शब्द मुळात कवीने शोधले असते तर त्याची पाठ थोपटली गेली असती.

पक्ष्यांचंही तसंच. ‘पाखरं’ म्हणण्यापेक्षा काठावर कोण आहे ते पाहावं. खंड्या, वंचक, टिटवी, पाणकावळा. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या घाण, उथळ पाण्यातही आरामात चरतो. तो दिसला म्हणजे नदी निरोगी आहे असं नव्हे.

गावाकडची नदी

या शहरातल्या कवितांचा एक मोठा भाग पवनेवरचा नसतोच. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाखांहून अधिक होती, आणि त्यातले पुष्कळ जण मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूरकडून पोटासाठी आलेले. ते लिहितात ती नदी मांजरा असते, तेरणा असते, गिरणा किंवा सीना असते. खोली थेरगावात आणि नदी गावाकडे. काही जणांना याची उगाच लाज वाटते. खरं तर ही या पट्ट्यातली सर्वांत प्रामाणिक नदीकविता ठरू शकते, फक्त त्यात आठवणीचं वर्ष आणि जागा पक्की हवी. ‘लहानपणी नदी भरलेली असायची’ हे कुणीही लिहील. कुठल्या पुलाजवळ, कुठल्या वर्षी शेवटची भरलेली पाहिली, ते त्याच माणसाला लिहिता येतं. आणि दोन नद्या एका चारोळीत आल्या तर अधिकच चांगलं.

लिहायला बसण्याआधी

सर्वांत सोपी सुरुवात म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणं. थेरगावचा केजुबाई बंधारा, चिंचवडचा घाट, मोशी किंवा डुडुळगावकडचा इंद्रायणीचा काठ, जे जवळ असेल ते. इथल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. महिन्यातले चार गुरुवार एकाच काठावर पंधरा मिनिटं उभं राहून दिसेल ते, ऐकू येईल ते आणि येणारा वास टिपून ठेवला तर कवितेला पुरेसा माल जमतो. वास विशेष. नदीवरच्या हजार चारोळ्यांत नाक असलेली एखादीच सापडते. पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना मात्र पात्रात किंवा बंधाऱ्यावर उतरू नये. कविता पुलावरूनही होते.

टिपणातून कविता करताना विशेषणं आधी काढावीत आणि क्रियापदं ठेवावीत. ‘माय’, ‘जीवनदायिनी’, ‘अवखळ’, ‘खळखळ’ हे शब्द निदान पहिल्या दहा प्रयत्नांत बंद ठेवले तर हात मोकळा होतो. तयार ओळी मोठ्याने म्हणून पाहाव्यात. ओवी आणि अभंग कानासाठी जन्मले. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा एक अक्षर जास्त असतं. शेवटी जागेचं नाव झाकून वाचावं. तरीही नदी ओळखू आली तर रचना जमली.

पोस्ट करताना

जानेवारी २०१६ मध्ये ८९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडला झालं. तिथल्या मांडवात कवीचं नाव पुकारलं जायचं. व्हॉट्सॲपवर ते पहिल्या दोन फॉरवर्डमध्येच गळून पडतं. पुढे तीच चारोळी कुणा प्रसिद्ध लेखकाच्या किंवा नटाच्या नावाने परत येते. म्हणून नाव मजकुराच्या आत, शेवटच्या ओळीखाली लिहावं. फोटोच्या कोपऱ्यातलं नाव कापलं जातं. त्याखाली जागा आणि महिना टाकला तर आणखी बरं: ‘आळंदी, कार्तिक’ एवढं पुरतं. काही वर्षांनी त्या पोस्ट एकत्र केल्या तर नदीची नोंदवहीच तयार होते.

दुसऱ्याची कविता वापरायची असेल तर भारतीय कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. बालकवी १९१८ मध्ये आणि बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या कवितांवरचा हक्क संपलेला आहे. शिरीष पै यांच्या हायकूंवरचा २०७७ अखेरपर्यंत आणि २०२३ मध्ये निधन झालेल्या महानोरांच्या कवितांवरचा २०८३ अखेरपर्यंत आहे. पूर्ण कविता कार्डावर छापायची तर परवानगी घ्यावी लागते. हक्क संपलेल्या कवितेखालीही कवीचं नाव लिहावंच.